सुगनभाऊंचा दुसरा प्रेक्षक

"कोणासाठी लिहिता हो तुम्ही हे?" असं मी सुगनभाऊंना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. आणि कौतुकानं नव्हे, चांगली चिडून विचारलं होतं. तेव्हा मी जळगावच्या एका दैनिकात रविवारची पुरवणी बघायचे. पुरवणीत पाककृती, राशिभविष्य, एखादी कथा, आणि तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात सुगनभाऊंचं सदर. त्यात ते ज्या चित्रपटांबद्दल लिहीत, ते जळगावात कधीच लागत नसत. जळगावातच काय, बहुतेक कुठंच लागत नसत. चार मित्र जमवून कोणी तरी केलेली फिल्म, एखाद्या महोत्सवात दोन खेळ, की संपलं. अशा फिल्मवर आमच्या पानात आठशे शब्द! तेवढ्या जागेत माझ्या तीन पाककृती बसल्या असत्या.

माझ्या त्या प्रश्नावर ते शांतपणे म्हणाले, "ज्याला बघायला मिळणार नाही, त्याच्यासाठी. ज्याला मिळणार आहे तो बघेलच की, ताई."

पुढच्या अकरा वर्षांत हा प्रश्न मी त्यांना कितीदा विचारला असेन, देव जाणे. दर वेळी उत्तर निराळं. एकदा म्हणाले, "तुमच्यासाठी लिहितो. तुम्ही तरी वाचता, चुका काढायला का होईना." एकदा म्हणाले, "सवय हो, दुसरं काय." मला काही पटायचं नाही. माणूस इतकी खटपट उगाच करत नाही, असा माझा स्वभाव. म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

सुगनभाऊंचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. आजोबा मारवाडातून आलेले, तेव्हापासूनचं. स्टील पुढच्या बाजूला, तांबं-पितळ आत. उंच, वाकलेला माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाजारात सगळे त्यांना 'शेठ' म्हणत, आणि ते त्यांना मुळीच आवडत नसे. आमच्या ऑफिसात ते भाऊ होते. दर गुरुवारी अकरा वाजता स्वतः येऊन लेख देत. हातानं लिहिलेला, आणि तोही लग्नाच्या भांड्यांच्या जुन्या याद्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका बाजूला एखाद्या दिग्दर्शकाची कॅमेरा ठेवण्याची पद्धत, आणि कागद उलटला की 'परात एक, पातेली पाच, झारा, उलथनं'. आमचा कंपोझिटर एकदा घाईत उलटी बाजू टाइप करून मोकळा झाला होता. तो मजकूर मी पान सोडायच्या आधी पकडला म्हणून बरं. सुगनभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ द्यायचं होतं. तेवढंच लोकांच्या उपयोगाचं झालं असतं."

त्यांचे लिहिण्याचे नियम होते. 'अप्रतिम' नाही, 'वास्तवदर्शी' नाही. 'तरल' या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. एकदा मी त्यांच्या लेखाच्या मथळ्यात तो घातला, तर शुक्रवारी सकाळी दुकान सोडून आले. "तरल म्हणजे काय हो ताई? वरण तरल असतं." फिल्मला तारेही ते देत नसत. "तारे द्यायला मी कोण? त्या पोरानं तीन वर्षं घातली, मी दोन तास घातले. मी फक्त काय दिसलं ते सांगणार." काय दिसलं ते मात्र असं सांगत की, वाचताना चूल कुठल्या बाजूला आहे आणि दार कुठं उघडतं तेही कळायचं.

फिल्म बघायचे कुठं? दुकानाच्या माळ्यावर. डब्यांच्या चळती सरकवून केलेली जागा, एक स्टूल, मुलानं दिलेला लॅपटॉप. ज्यांनी फिल्म केली ते त्यांना लिंक पाठवत. ती लिंक तीन दिवस चाले आणि मग बंद होई. कोणी चोरून पसरवू नये म्हणून सबंध फिल्मभर पडद्यावर पुसट अक्षरांत बघणाऱ्याचं नाव उमटलेलं असे. बाकीचे समीक्षक त्यावर वैतागतात म्हणे. सुगनभाऊ खूश! "ताई, प्रत्येक फिल्ममध्ये मी आहे. हिरोइनीच्या तोंडावर माझं नाव." सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा नियम, त्यामुळे संध्याकाळची फिल्म ते पाच वाजता पोटभर जेवून बघत. एकदा पुण्याला महोत्सवाला गेले, डबाभर खाखरे घेऊन. परत आल्यावर मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, काय बघितलं? म्हणाले, "रांग. चांगली होती, जरा लांबली."

एकदाच असं झालं की, तसली एक फिल्म खरोखर जळगावच्या थिएटरात लागली. सकाळी दहाचा खेळ. मॅनेजर म्हणाला, पाच माणसं असल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही. सुगनभाऊ एकटे. ते बाहेर आले आणि त्यांनी माणसं गोळा केली. बॅगा घेऊन डॉक्टरांची वाट बघणारे दोन औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, एक रिक्षावाला, आणि समोरच्या दवाखान्यात डोळे दाखवायला आलेली एक म्हातारी, जिचा नंबर लांब होता. मध्यंतरात प्रतिनिधी पळाले, रिक्षावाला झोपला. म्हातारी शेवटपर्यंत बसली आणि दारात म्हणाली, "बापू, चांगलं होतं, पण कोणी कोणाशी बोलतच नव्हतं. भांडण होतं का त्यांचं?" सुगनभाऊंनी तोच मथळा करून पाठवला. मी तो बदलला. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या म्हातारीपासूनच बहुधा त्यांची ती पद्धत सुरू झाली. तिला ते 'दुसरा प्रेक्षक' म्हणत. फिल्म ज्यांच्याबद्दल असेल, त्यातल्या कोणाला तरी माळ्यावर बोलावून ती दाखवायची. शिंप्याची फिल्म असेल तर शिंप्याला, नर्सची असेल तर नर्सला. दाखवून झालं की ठरलेले तीन प्रश्न. हात बरोबर चालतात का? सामान बरोबर आहे का? आणि यांच्या मनात काय चाललंय? उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायची आणि लेखात तशीच घालायची. आपलं मत आणि त्या प्रेक्षकाचं मत निघालं वेगळं, तर त्याचं खरं, असा दंडक. पहूरच्या एका न्हाव्याला त्यांनी एक बक्षीसपात्र फिल्म दाखवली. तो पाचव्या मिनिटाला ओरडला, "अरे बापा, असा वस्तरा धरला तं गिऱ्हाइकाचा कानच जाईन!" ते वाक्य सुगनभाऊंनी लेखाच्या सुरुवातीलाच घातलं. दिग्दर्शकाचा मुंबईहून फोन आला, बराच वेळ चिडून बोलत होता. सुगनभाऊ सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तुम्ही दाढी कोणाकडून करून घेता, त्याला दाखवा एकदा."

या पद्धतीचा त्यांना अभिमान होता. माझ्याजवळ तर ते बढाईच मारत. मोठमोठे समीक्षक ट्रेलर बघून लिहितात, ताई, मी एकट्याच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही.

आणि मग रेणुकाची फिल्म आली.

रेणुका धुळ्याकडची मुलगी, तिची ही पहिलीच फिल्म. जिनिंग मिलमध्ये कापसाच्या ढिगावर काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट. जिनिंगमध्ये खरोखर राबणाऱ्या बाईलाच घेऊन केलेली. सुगनभाऊंनी नेहमीप्रमाणे दुसरा प्रेक्षक शोधला. सिंधूबाई. माहेर सोनगीरचं, सासर जळगावात, वीस वर्षं जिनिंगमध्ये. ती माळ्यावर बसून फिल्म बघून गेली. गुरुवारी लेख आला आणि खरं सांगते, वाचून मला भरून आलं. फिल्मची शेवटची अकरा मिनिटं त्यांनी वर्णन केली होती. बाई कामावरून घरी येते, ओट्यावर बसते. 'या अकरा मिनिटांत दिग्दर्शिका एकही आवाज देत नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'बाईचं एक बोट डब्याच्या झाकणावर हलत राहतं. तिला काही तरी म्हणायचं आहे, आणि ऐकायला कोणी नाही. मग अंधार होतो आणि नावंही मुक्यानं सरकतात. इतकं एकटेपण मी पडद्यावर पाहिलेलं नाही.' मी मथळा दिला, 'मुकी अकरा मिनिटं'. या वेळी त्यांनी तो बदलायला लावला नाही.

सोमवारी फोन आला. रेणुकाचा. चिडलेली नव्हती, आवाज अगदी सपाट.

"मॅडम, सरांनी फिल्म बघितली होती का?"

मी उसळलेच. "अहो, दोन-दोन माणसं बसवून बघतात ते!"

"मग शेवटी गाणं आहे ते त्यांना कसं नाही ऐकू आलं? शेजारच्या घरातली लहान मुलगी गुणगुणत असते. बारीक आवाजात, दुरून. बाई ओट्यावर बसून तिच्या गाण्यावर ताल धरते. दिवसभरात पहिल्यांदा ती मजेत आहे, मॅडम. पूर्ण फिल्म मी त्या अकरा मिनिटांसाठी केलीय." मग म्हणाली, "आमच्या गावात गोडाऊनमध्ये शो ठरला होता. लोकांनी तुमचा पेपर वाचला. म्हणाले, आमच्यावर रडगाणी नको. झाला रद्द."

मी तिच्याकडून नवी लिंक मागून घेतली, फोन ठेवला आणि ती उघडली. शेवटचा भाग लावला. होती हो मुलगी! आवाज अगदी बारीक, पण स्वच्छ होता. मध्येच हसत होती, शब्द विसरत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. आणि बाईचं बोट बरोबर तिच्या मागोमाग चाललं होतं.

दुकानात गेले तेव्हा सुगनभाऊ एका गिऱ्हाइकाला पितळेची कळशी दाखवत होते. पितळ घेणारा कळशीवर बोटानं टिचकी मारून बघतो. नाद लांबला तर भांडं खणखणीत, बसका आला तर कुठं तरी चीर. पूर्वी ते स्वतः टिचकी मारून ऐकवत. त्या दिवशी त्यांनी कळशी गिऱ्हाइकापुढे सरकवली आणि म्हणाले, "तुम्हीच बघा वाजवून." असं कधीपासून चाललं होतं कोण जाणे. मी इतकी वर्षं त्या दुकानात जात होते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी लॅपटॉपवर त्यांना ती अकरा मिनिटं लावून दिली. आवाज पुरता वाढवला. ते बघत राहिले, पुढे वाकून, कान पडद्याजवळ नेऊन. मग माझ्याकडे वळले.

"आत्ता चालू आहे?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ता ती हसली, भाऊ."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग गल्ल्यामागून वही काढून माझ्यापुढे ठेवली. सिंधूबाईच्या पानावर तीन उत्तरं होती. हात बरोबर. सामान बरोबर, फक्त बाई डोक्याला फडकं असं बांधत नाही. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, 'बाई खूश शे.' पुढे सुगनभाऊंनी काढलेलं प्रश्नचिन्ह.

"तिनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, हिला फिल्म कळली नाही. मला, ताई! का खूश, एवढंही नाही विचारलं मी तिला."

कानाची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत. पाखरं, बांगड्या, लहान मुलं. ते परत यायचे नाहीत. माणसांचं बोलणं सध्या ऐकू येतं, पुढे तेही कमी होत जाईल. यंत्र मिळालं. पण ते लावलं की आधी पंखा ऐकू यायचा आणि मग फिल्म. कमलभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, टीव्हीचा आवाज एवढा असतो की शेजारी आमच्याकडच्या बातम्या ऐकतात. यांना सांगितलं तर म्हणत, तू हळू बोलतेस."

आता प्रश्न होता तो लेखाचा. आमचे संपादक म्हणाले, सोडून द्या. समीक्षा हे मत असतं, मताला कोणी शुद्धिपत्र छापतं का? मलाही तेच बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला त्यांची काळजी वाटत होती. मी म्हटलं, "भाऊ, रेणुकाची खासगीत माफी मागा. हे छापून आलं तर सदर संपलं. बहिरा समीक्षक म्हणून हसतील लोक. ज्यांच्या फिल्मवर तुम्ही टीका केलीत ते सगळे उठतील, म्हणतील, आमचीही ऐकलीच नव्हती."

"बरोबर म्हणतील," सुगनभाऊ म्हणाले.

"मग?"

"मग काय? त्या पोरीचा शो गेला ना माझ्यामुळे? आणि सिंधूबाईचं काय? ती खरं बोलली, आणि मी तिला अडाण्यात काढलं. मत चुकलं असतं तर गप्प बसलो असतो. हे मत नाही, ताई. मी ऐकलंच नाही."

गुरुवारी याद्यांच्या कागदावर लेख आला. नेहमीपेक्षा छोटा. 'गेल्या रविवारी मी जे लिहिलं ते चूक आहे,' अशी सुरुवात. 'शेवटची अकरा मिनिटं मुकी नाहीत. त्यात एक मुलगी गाते. मला ती ऐकू आली नाही, कारण मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. सिंधूबाईंनी मला बरोबर सांगितलं होतं. त्यांना ऐकू येत होतं, मला येत नव्हतं, आणि तरी मी माझंच लिहिलं. ही फिल्म एका खूश बाईची आहे. ज्यांनी माझं वाचून ती बघायची नाही असं ठरवलं, त्यांनी कृपा करून बघावी. या सदरात मी यापुढे लिहिणार नाही.' मी एक अक्षर बदललं नाही. मथळासुद्धा दिला नाही. पान लावताना माझ्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या, कोणाला काय सांगणार!

हसले का लोक? हसले थोडे. दोन दिग्दर्शकांनी फोन करून ऐकवायचं ते ऐकवलं. पण रेणुकाचा फोन आला, आणि या खेपेस तिचा आवाज सपाट नव्हता. धुळ्याला एका कॉलेजच्या हॉलमध्ये शो ठेवलाय म्हणाली. सरांना घेऊन या.

आम्ही तिघं एस.टी.नं गेलो. सुगनभाऊ, सिंधूबाई आणि मी. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा सुगनभाऊंनी सिंधूबाईला विचारलं, आणि तिच्याच बोलीत विचारलं, कारण दुकानात सगळं आयुष्य त्याच बोलीत गेलेलं, "तू माले तव्हय का बरं नही सांगं, गानं चालू शे म्हनून?"

सिंधूबाई पदर सावरत म्हणाली, "तुम्ही इचारंच नही भाऊ. माले वाटनं, तुमले ऐकू उनं व्हई."

"ऐकू आलं असेल वाटलं हिला, ताई!" म्हणत ते मान हलवून हसले. धुळ्यापर्यंत मग ती त्यांना जिनिंगमधल्या गोष्टी सांगत होती, मोठ्यानं, आणि अख्खी गाडी ऐकत होती.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. कॉलेजची मुलं, शिक्षक, आणि मागच्या रांगांमध्ये रेणुकाच्या गावाहून टेम्पोनं आलेल्या बायका. आम्ही मधल्या रांगेत बसलो. सुगनभाऊंचं यंत्र हॉलच्या स्पीकरांपुढे शिट्टी मारायला लागलं, म्हणून त्यांनी ते काढून खिशात टाकलं. मला वाईट वाटलं. एवढ्या लांब आलो आणि हा माणूस नुसता बघणार! पण ऐकायचं काम त्यांनी सिंधूबाईवर सोपवलं होतं. फिल्म शेवटाला आली, बाई ओट्यावर बसली, मुलीचं गाणं सुरू झालं. सिंधूबाईनं दोघांच्या खुर्च्यांमधल्या लाकडी हातावर एक बोट टेकवलं आणि ताल धरायला लागली. सुगनभाऊंनी आपला तळवा त्याच लाकडावर पसरून ठेवला. त्यांची नजर पडद्यावर होती. ओट्यावरच्या बाईचं बोट हललं की लाकडावर ठोका पडे. मुलगी शब्द विसरून थांबली, तेव्हा सिंधूबाई थांबली. सुगनभाऊंनीही श्वास धरला. पुन्हा सुरू झालं, तसे ते गालातल्या गालात हसले.

मग पडदा काळा झाला. नावं वर सरकायला लागली. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या सुरू झाल्या, मुलं उठली, खुर्च्या वाजल्या, मागं कोणी तरी शिट्टीही मारली. त्या गोंगाटात मला काही ऐकू येत नव्हतं, मीही टाळ्या वाजवत होते.

सुगनभाऊ एकदम उभे राहिले. एक तळवा अजून लाकडावर, सिंधूबाईच्या ठोके देणाऱ्या बोटाशेजारी, दुसरा हात वर. आणि आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नसलेल्या माणसाच्या आवाजात त्यांनी सगळ्या हॉलला दटावलं, "अहो थांबा, थांबा! ती अजून गातेय!"

टाळ्या थांबल्या. उठलेली मुलं होती तिथंच उभी राहिली. आणि मग ती मुलगी आम्हा सगळ्यांना ऐकू आली.